रिकाम्या खुर्चीचं काम

"चांगल्या सभागृहाला श्रोते लागतातच असं नाही," असं आमच्या आर्किटेक्ट मित्रानं विद्यापीठाच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनात ठणकावून सांगितलं. त्यानं निवडलेल्या खुर्चीची गादी म्हणे माणसाइतकाच आवाज शोषते, त्यामुळे सभागृह रिकामं असलं तरी घुमत नाही. आणि दिवे असे, की गाणाऱ्याला समोरच्या रिकाम्या जागा दिसतच नाहीत. हे ऐकायला कुलगुरू, त्यांचा ड्रायव्हर, वहिनी आणि मी एवढेच होतो, त्यामुळे दावा जागच्या जागी तपासून झाला.

पुढे काही वर्षांनी वहिनी वारल्या. एका संध्याकाळी मी मित्राच्या घरी डोकावलो, तर स्वारी जेवत होती. टेबलापलीकडे, वहिनींच्या जागी, सभागृहातली एक खुर्ची मांडलेली होती आणि दिव्याचा उजेड फक्त त्याच्या ताटावर पडत होता.

"घर फार घुमायला लागलं होतं रे," तो म्हणाला.

"मग आता?"

"आता बरंय. खुर्ची चोख काम करते."

मी जायला उठलो, तसा तो ताटातून मान वर न करता म्हणाला,



"जाता जाता तेवढं 'अजून वाढू का' म्हणून जा."