दोन पोती मीठ, एक डबा सोडा

तपासनीस बाईंनी दुसरी बाटली तलावात न बुडवता थेट पंपघरातल्या पाइपाखाली धरली, तेव्हा धाकटा घाईघाईने पुढे सरसावला.

"तिथलं कशाला? पाणी एकच आहे."

"एकच आहे तर घाम का फुटलाय?" बाई हसल्या. "गुरुवारी निकाल. खनिज पाणी नसेल तर दारावरची 'खनिज पाण्याचा तलाव' ही पाटी उतरवावी लागेल."

धाकटा चौसष्ट वर्षांचा होता. घरात मोठं कोणी उरलं नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आजोबांनी तबेल्याचा पाया खणला आणि कुदळीखालून पाणी उसळलं. त्यांचा लंगडा घोडा त्यात उतरला तो बाहेर आला थेट शर्यत जिंकायलाच, असं आजोबा सांगायचे. दरवर्षी तो घोडा आणखी जोरात पळायचा. तबेला राहिला बाजूला, पोहण्याचा तलाव झाला. वडिलांनी त्याला निळ्या फरश्या बसवल्या.

धाकट्याने गुपित सांभाळलं.

बाविसाव्या वर्षी त्याची ट्रंक बांधून तयार होती. बंदरावरच्या शहरात एक मुलगी वाट पाहत होती. त्याच संध्याकाळी वडील त्याला पंपघरात घेऊन गेले.

"झरा आटला रे. नगरपालिकेचं पाणी गुपचूप जोडून घेतलंय. वर मीठ-सोडा टाकतो. पण माझ्या कमरेला आता पोती पेलत नाहीत, आणि परक्याला सांगायची सोय नाही."

ट्रंक सोडली गेली. दर सोमवारी तलाव रिकामा व्हायचा. धाकटा कोरड्या फरशीवर दोन पोती मीठ, एक डबा सोडा पसरायचा आणि मग झडप उघडायचा. आधी भुकटी, मग पाणी, ही वडिलांची शिस्त. कोरं पाणी कोणाच्या जिभेला लागता कामा नये. लग्न त्याने केलं नाही. बायकोपासून एवढं लपवायचं कसं?

आता रोज येणारं गिऱ्हाईक एकच, गुडघेवाल्या आजी.

"आजी, तलाव बंद झाला तर?"

"माझे गुडघे घरी दुखतील. तू बोलशील कुणाशी?"

गुरुवारी त्याने पाटी स्वतःच उतरवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. बाई दारात दिसताच तो उठून उभा राहिला.

"कबूल करतो, बाई. मीठ, सोडा, सगळं मीच टाकतो. बेचाळीस वर्षं झाली झरा आटून."

बाईंनी हातातला कागद पुन्हा वाचला.

"आटून? पंपघरामागचं झाकण उघडून बघितलं मी. तुमचा पाइप सरळ कातळातून येतो. नगरपालिकेची जोडणी इथं कधी झालेलीच नाही. पाइपात क्षाराचे थर बसलेत, एका वर्षाचाही खंड नाही. इतकं सुरेख खनिज पाणी मी आजवर तपासलं नव्हतं." त्यांनी चष्मा काढला. "मला एवढंच कळत नाही, त्यात मीठ टाकायला तुम्हाला सांगितलं कुणी?"