ओट्याची उंची

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अर्धवट फोडलेलं एक स्वयंपाकघर मनात आणा. छोट्या बारकीची आई घर सोडून गेली, तेव्हाच तिथलं काम बंद पडलं होतं. आज बाबांनी गवंड्याला पुन्हा बोलावलं, म्हणजे आई नक्की परत येणार, असं धरून बारकी सकाळपासून घरभर नाचत होती. गवंड्यानं भिंतीवरची धूळ पुसली, तशी पेन्सिलची जुनी रेघ दिसली. “ही वहिनींच्या कोपराच्या मापानं मारलेली. ओटा एवढाच ठेवतो, साहेब. नाहीतर त्या पुन्हा फोडायला लावतील!” तो हसला. बाबा हसले नाहीत. “चार बोटं वर घ्या,” ते खाली बघत म्हणाले. “आता येणारी उंच आहे.” गवंड्याची पेन्सिल हातातच राहिली. बारकी भिंतीला पाठ टेकून ताठ उभी राहिली, कोपर वाकवलं आणि म्हणाली, “काका, माझ्या मापानं करा. स्वयंपाक मीच करेन.”