मेंढ्यांचा मुक्काम

रान लागूनच, बी एकच, बोअरचं पाणीही एकच. तरी धाकट्या जावेचा कापूस छातीला लागला आणि पंचफुलाचा गुडघ्यातच अडकला. आठवडाभर तिच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी बांधावर गेलीच.

"लुंबिने, कोणतं खत टाकलंस गं चोरून?"

"खत कुठलं, बाई? उन्हाळ्यात धनगराला ज्वारी दिली अन् रात्रीच्या मेंढ्या बसवल्या रानात."

"त्याच मेंढ्या? त्या तर दिवसभर माझ्या रानात चरायच्या! बसवायला ज्वारी मागत होता, म्हणून म्या नुसत्या चरू दिल्या."

"हाव की. खायच्या तुमच्यात, लेंड्या टाकायच्या माझ्यात."

पंचफुलानं पलीकडच्या कापसाकडे पाहिलं. आपलंच लेकरू जावेच्या कडेवर बसून खिदळावं, तसा तो डोलत होता.