ताजे उदाहरण

१२ जुलै, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी बासष्ट विद्यार्थ्यांसमोर प्राध्यापकांनी दोलनांचा नियम समजावताना एका चित्रपटातील झोपाळ्याचा प्रसंग सांगितला. कोणीच हसले नाही. "सर, तो सिनेमा आला तेव्हा आम्ही पाचवीत होतो!" पुढच्या बाकावरची विद्यार्थिनी म्हणाली. आठ वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक सत्राआधी ते पत्नीसोबत नवा चित्रपट पाहत असत. अंधारात ती कोपरखळी मारून म्हणे, "अहो, हे घ्या तुमच्या वर्गातल्या पोरांसाठी उदाहरण!" ती गेली आणि त्यांची उदाहरणे तिथेच थांबली. "रविवारी आम्ही चौघी नव्या सिनेमाला जातोय," ती विद्यार्थिनी पुढे म्हणाली. " तुम्हीही चला ना सर, ताजं उदाहरण मिळेल. पाच तिकिटं काढू?" प्राध्यापकांनी खडू ठेवला, चष्मा सावकाश पुसला. "सहा काढ," ते म्हणाले. "माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू दे." विद्यार्थिनीने मोबाइल उघडला. काढलेली तिकिटे: सहा.