पाझर

"पुस ते आधी. चारचौघांत शोभा नको," साहेब दबक्या आवाजात खेकसले.

"खुपतंय हो," म्हणत बायकोने रुमाल डोळ्यांना लावला.

"नाटकं पुरेत."

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसल्यापासून ही तिसरी खेप. साहेब पाणीपुरवठा खात्यात होते. शहरातल्या गळत्या शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरातल्या या गळतीपुढे मात्र त्यांनी हात टेकले होते.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी बायकोला सरळ सांगितलं होतं, की ऑफिसात नकाशे काढणाऱ्या बाईंबरोबर राहायला जायचं ठरवलंय. ती भांडली नाही. "बरं," म्हणाली आणि त्यांच्या शर्टांना इस्त्री करायला लागली. डोळ्यांतून नुसत्या धारा. मग माळ्यावरची बॅग स्वतःच काढून दिली, तीही बाहीने डोळे टिपत.

साहेबांना पाझर फुटला. पाझर कसला, किळस आली होती! पण असली लोचट बाई टाकून गेलो तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून थांबले. पुढे जेव्हा जेव्हा विषय काढला, तेव्हा तेव्हा हीच रडारड. नवऱ्यावाचून जिचं पान हलत नाही, त्या बाईचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

नकाशेवाल्या बाईंनी आता सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. सोमवारी आला नाहीत, तर पुन्हा तोंड दाखवू नका.

आत बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईंनी बायकोच्या डोळ्यांत बधिर करणारा थेंब टाकला, खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं थांबल्या. पट्टी जेमतेम तीन मिलिमीटर भिजली.

"डोळे कोरडे पडलेत."

"कोरडे?" साहेब फिसकन हसले. "अहो, दिवसभर नळ सुटलेला असतो!"

"तेच तर. मधुमेह जुना आहे यांचा. साखरेने अश्रुग्रंथी मंदावल्यात, बुबुळावरचा ओलावा गेलाय. मग डोळा चुरचुरतो आणि वरवरचं पाणी धो धो येतं. रडण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही."

साहेबांच्या छातीवरची धोंड उतरली. एवढा मुरलेला माणूस, आणि एका बिघाडाला भुलून तीन वर्षं घरात सडला! सोमवार कशाला, आज संध्याकाळीच निघायचं. आता हिने खरोखर ऊर बडवून घेतला तरी विरघळायचं नाही. जिन्यातच सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. बिचारी कोसळेल, पण त्याला इलाज नाही.

डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहीत होत्या. "साखर आटोक्यात ठेवा. हे थेंब दर दोन तासांनी. घालून द्यायला घरी कोणी असतं का?"

"हे असतात ना," बायको सहज म्हणाली. "तीन वर्षं नुसतं जातो जातो म्हणतायत. मी तर आता आशाच सोडलीय."