भुताला जमेना

लेक नवऱ्याचं घर सोडून आली, त्या दिवसापासून आईनं तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. लेकीच्या मैत्रिणी घरच्या घरी भुताचा विनोदी सिनेमा काढत होत्या. भूत होणारी ऐनवेळी तापानं फणफणली, तशी त्यांनी आईलाच गळ घातली.

"तोंडाला पीठ फासलं की मी भूत दिसेन होय गं, भवान्यांनो?" असं म्हणत आई उभी राहिली.

काम सोपं होतं. दबकत जायचं आणि झोपेचं सोंग घेतलेल्या लेकीचा गळा दाबायचा. मोबाइल सुरू झाला. भूत नखं परजत आलं, लेकीवर वाकलं, तिच्या पायाशी गेलेलं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि मुकाट माघारी निघालं.

"काकू, गळा दाबायचा होता!" मैत्रिणी हसून लोळल्या.

"सवयीनं गेला हात. आता बघा कशी दाबते!" आई फणकारली.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

"राहू दे काकू, हेच ठेवू. भारी झालंय," मोबाइल धरणारी म्हणाली.

लेकीनं डोळे न उघडताच पांघरूण लाथाडलं. "नाही जमलं, आई. पुन्हा ये."

"येते गं," भूत म्हणालं.