द्राक्षाच्या पानाचं नाणं

झरी गावचा गवंडी मल्हार दोन वर्षं जेरुसलेममध्ये बांधकामावर राबून परतला, तेव्हा त्यानं लेकीसाठी तिथं खोदकामात सापडलेलं एक काळपट नाणं आणलं होतं. प्रियांका परभणीला कॉलेजात इतिहास शिकायची. तिनं त्यावरचं द्राक्षाचं पान मोबाइलमधल्या फोटोंशी ताडून पाहिलं आणि ती उडालीच. "आप्पा, हे दोन हजार वर्षांपूर्वीचं हाय! तिथं रोमनांचं राज्य होतं. ज्यू लोक त्यांच्याविरुद्ध उठले अन् त्यांनी स्वतःचं नाणं पाडलं. यावर 'सियोनचं स्वातंत्र्य' असं लिहिलंय. सियोन म्हंजे जेरुसलेमच. पुढं रोमनांनी सगळं शहर जाळलं." मल्हारच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "तरीच," तो म्हणाला. "चर खणायलो होतो, तवा काळी भिंत लागली. चूल होती. चुलीपाशी राखेत मडकं होतं, अन् त्याच्यात हे." "मंग तुमी कुणाला सांगितलं?" "न्हाई. सांगितलं असतं तर काम थांबलं असतं. मला लय भ्याव वाटलं, माघारी धाडतील म्हणून." प्रियांकानं वही काढून तिथल्या म्युझियमला पत्र लिहायला घेतलं. नाणं परत पाठवायचं ठरलं. मल्हारनं जागेचा पत्ता सांगितला. तिचा पेन थांबला. "अजून काय लिहू, आप्पा?" त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "लिही," तो म्हणाला, "तिथं कुणाचं तरी जळालेलं घर होतं. म्या डोळ्यांनी पाहिलं, अन् त्याच दिवशी म्याच त्याच्यावर काँक्रीट ओतलं."